चादरींच्या खोलीतला उजेड

दुपारी अडीचच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला आणि साऱ्या इस्पितळाची एकच धांदल उडाली. लिफ्ट जागच्या जागी थांबल्या, मधली दारं आपोआप उघडली, औषधांच्या खिडकीपुढची रांग बघता बघता फाटकाबाहेर गेली. एक गृहस्थ तर सलाइनच्या स्टँडसकट चार पायऱ्या उतरून आले, मग आपण पेशंट आहोत हे आठवून परत वर गेले. वायरमन तेवढा उलट दिशेने, तळघरातून वर धावत सुटला होता. सत्तावन्नाव्या वर्षी तीन मजले धावत चढणं म्हणजे काय, ते त्याच्या गुडघ्यांनाच विचारावं.

त्याला सगळे फ्यूजकाका म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. बत्तीस वर्षं तो या इस्पितळाच्या तारा सांभाळत होता आणि कुठल्या भिंतीतून कुठली तार जाते हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

वर जाऊन पाहतो तर आग नाही, काही नाही. मागच्या जिन्याच्या वळणावर, मोडक्या खुर्च्यांच्या आडोशाला एक आजी मांडी घालून बसली होती. पुढ्यात स्टीलची वाटी, वाटीत तेल, तेलात इवलीशी वात. आणि बरोबर डोक्यावर धुराचा सेन्सर.

"आजी, हे काय चाललंय?" फ्यूजकाकाला धाप लागली होती.

"आमचे हे आत आहेत," आजीनं अतिदक्षता विभागाकडे बोट केलं. "सहा दिवस झाले. मी रोज लावते. आज तेलच मेलं धुरकट निघालं."

"इथे पेटवायचं नसतं. भिंतीतून ऑक्सिजनची लाइन गेलीय. एखादी ठिणगी पडली म्हणजे?" असं म्हणत त्यानं दोन बोटांनी वात चिमटून विझवली. बत्तीस वर्षं तारा हाताळून त्याच्या बोटांची कातडी एवढी निबर झाली होती की चटकाही बसला नाही.

 विझलेल्या वातीकडे आणि मग त्याच्याकडे आजीनं असं काही पाहिलं की फ्यूजकाकाला वाटलं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. अधीक्षक साहेब चिडलेले होतेच. आजीला फाटकातून आत सोडायचं नाही इथपर्यंत गोष्ट गेली होती. मेट्रनबाई तेवढ्या शांत होत्या.

"साहेब, एक आजी सापडली," त्या म्हणाल्या. "जिन्यात मेणाचे थेंब मी स्वतः खरवडून काढलेत. लिफ्टच्या मागे एक ड्रायव्हर वर्तमानपत्र पसरून प्रार्थना करतो. आपले नर्सिंगचे ब्रदर औषधांच्या कपाटाआड डोळे मिटून बसतात. ज्यांची माणसं आत आहेत ती कुठेतरी बसणारच. त्यांना एक खोली द्या. विस्तव नको, हे मीच बजावीन सगळ्यांना."

चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायची तिसऱ्या मजल्यावरची खोली गेल्या वर्षापासून रिकामी होती. ती द्यायचं ठरलं. "काका," साहेब म्हणाले, "जरा बरा उजेड करून द्या तिथे. दोन दिवसांचं काम."

फ्यूजकाकानं मान डोलवली. पण त्याला हे काम नको होतं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको याच मजल्यावर, बारा नंबरच्या खोलीत वारली होती. तेव्हापासून या मजल्यावर काम निघालं की तो ते भराभर उरकून खाली जायचा. देवाधर्माचा, दिव्याबिव्याचा विषय काढला की उठून जायचा. घरी थोरली बहीण होती, ती विधवा होऊन त्याच्याकडे राहायला आली होती. ती संध्याकाळी दिवा लावून हात जोडायची, त्या वेळी हा बाहेरच्या खोलीत रेडिओचा आवाज वाढवायचा. "उजेड म्हणजे वॅट," असं तो म्हणायचा, "वॅट वाढवा, उजेड वाढेल. बाकी सगळ्या गप्पा."

त्यानं खोलीत दोन लांब ट्यूब बसवल्या. बटण दाबलं की खोली अशी पांढरीफटक व्हायची की भिंतीवरची मुंगीसुद्धा लपू शकली नसती. मेट्रनबाईंनी सतरंजी अंथरली, चार खुर्च्या मांडल्या, दारावर 'शांत खोली' अशी पाटी लावली. आठ दिवस गेले. एक माणूस आत फिरकला नाही. ड्रायव्हर लिफ्टमागेच बसायचा आणि मेणाचे थेंब आता जिन्यातून गच्चीच्या दाराशी सरकले होते.

"काका, तुम्हीच एकदा विचारा ना त्यांना," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी गेले की त्यांना वाटतं, रागवायला आले."

मग तो आजीकडे गेला. आजीनं त्याला ओळखलं, पण राग धरला नव्हता. नुसती जागा करून दिली.

"तुमची ती खोली मी पाहून आले रे," आजी म्हणाली. "तिथे बसलं की वाटतं, आता कुणीतरी येऊन पोटावरचे टाके काढणार."

"उजेड पुरेसा आहे, आजी. देव स्वच्छ दिसेल."

"देव बघायला लावते होय मी? आम्ही त्याला दिसावं म्हणून लावते. एवढ्या मोठ्या इस्पितळात शेकड्यानं माणसं. त्यात आमचे हे कुठे निजलेत, त्याला कसं कळायचं?"

 फ्यूजकाका पुढच्या माणसाकडे गेला.

मेणबत्त्या लावणारी एक शाळामास्तरीण होती. तिची मुलगी सायकलवरून पडून डोक्याला मार लागून आत होती. "मेणबत्ती माझ्या जागी उभी असते," ती म्हणाली. "मी चहा प्यायला गेले, डुलकी लागली, तरी ती तिथे असते. जळत असते, कमी होत असते. तुमची ट्यूब कमी होत नाही हो काका. तिला कुणाचं काही पडलेलं नाही."

ड्रायव्हर आपल्या भावासाठी थांबला होता. दोघे भाऊ आळीपाळीनं एकच ट्रक चालवायचे. "आमच्यात मूर्ती नाही, तसबीर नाही, दिव्यापुढे वाकणंही नाही," त्यानं सरळ सांगून टाकलं. "पण उजेडाचं आमच्यातही मोठं आहे. हे बघा, उजेड कधी दिसतो का? उजेडात बाकीचं सगळं दिसतं, तो स्वतः दिसत नाही. आमचा मालक तसा आहे. मला समोर काही चमकणारं नको. फक्त पोथी वाचता यावी, आणि ती ठेवायला एक फळी द्या. जमिनीवर ठेवायची नसते."

राहिले ब्रदर. दूरदेशाहून नोकरीला आलेले, बोलायला अगदी हळू. "मला उजेड डोळे मिटेपर्यंतच लागतो, काका," ते हसून म्हणाले. "पुढचा आतला. तो लागायला कधी वर्ष लागतं, कधी लागतच नाही. पण ट्यूब पापण्यांमधूनही आत घुसते."

त्या संध्याकाळी जेवताना फ्यूजकाकानं बहिणीला सगळं सांगितलं आणि वैतागून म्हणाला, "ताई, चौघांचे चार दिवे आणि माझ्याकडे होल्डर एक!"

बहीण हसता हसता ठसकली. मग पाणी पिऊन म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा कामाचं काही घरी येऊन बोललास बघ."

मग तो इरेला पेटला. ट्यूब काढून पिवळे दिवे लावले, त्यांना मंद करायचं बटण बसवलं. बाजारात हिंडून ज्योतीसारखे हलणारे विजेचे दिवे आणले. आजीनं त्यातला एक हातात घेऊन पाहिला. "अरे, हा माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय," ती म्हणाली. "या वयात शोभतं का मला हे?" मास्तरीण हसली, तिला हसताना पहिल्यांदाच कुणी पाहिलं असेल. पण खोलीत बसायला कुणी आलं नाही ते नाहीच.

शेवटी त्यानं हात टेकले. निदान ड्रायव्हरची फळी तरी लावून टाकू म्हणून एका सकाळी तो ड्रिल घेऊन खोलीत गेला. मागच्या भिंतीत भोक पाडायला लागला आणि थांबला. जुनी इमारत सगळी दगडी. ड्रिलच्या टोकाला करडा भुगा यायला हवा होता. इथे आला लाल. विटेचा. त्यानं मुठीनं भिंत वाजवून पाहिली. एका बाजूला ठणठणीत, मधोमध बद्द आवाज, पुढे पुन्हा ठणठणीत. खडूनं त्यानं बद्द आवाजाच्या कडेकडेनं रेघ ओढत नेली. रेघ पूर्ण झाली तेव्हा भिंतीवर चांगला चार फूट रुंद आणि पाच फूट उंच चौकोन उभा होता.

तो तळघरात गेला. मीटरच्या खोलीतल्या कपाटात जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले होते, वाळवीनं अर्धे खाल्लेले. तिसऱ्या मजल्याचा नकाशा सापडला. खोलीच्या मागच्या भिंतीत खिडकी होती. पुढे कधीतरी शेजारी नवी इमारत उठली, दोन इमारतींमध्ये अरुंद मोकळी जागा उरली, आणि आता हिचा काय उपयोग म्हणून कुणीतरी खिडकी विटांनी बुजवून टाकली होती.

नकाशा घेऊन तो अधीक्षकांपुढे उभा राहिला.

"काका, मी दिवा लावायला सांगितला होता. भिंत पाडायला नाही," साहेब म्हणाले. "आणि उघडून दिसणार काय? समोरची भिंत. ऊन तरी येईल का तिथे?"

"थेट येणार नाही, साहेब. पण वरून उतरेल. मी गच्चीवर जाऊन वाकून पाहिलंय. सकाळी नऊपासून समोरच्या भिंतीच्या वरच्या अंगाला ऊन असतं. ती भिंत काळी पडलीय. तिला चुना फासला तर ऊन तिच्यावर आपटून आत येईल."

"तुम्ही वायरमन आहात. तुमच्या तारेविना येणाऱ्या उजेडाची एवढी काय घाई?"

फ्यूजकाकानं नकाशा टेबलावर पसरला. मग म्हणाला, "तारेतून आणून पाहिला साहेब. सगळे प्रकार केले. माझ्यानं नाही झालं." असं तो बत्तीस वर्षांत कुठल्याच कामाबद्दल बोलला नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नकाशा दोनदा खालीवर पाहिला. इमारतीच्या अभियंत्याला बोलावून भिंत वजन पेलणारी नाही याची खात्री करून घेतली आणि सही केली. "चुन्याचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाले.

कामाला नऊ दिवस लागले. धूळ आतल्या पेशंटपर्यंत जाऊ नये म्हणून मेट्रनबाईंनी खोलीच्या दाराला ओल्या चादरी बांधल्या आणि गवंड्याला हातोडा जपून मारायला लावला. बिचारा एवढा हळू ठोकत होता की जणू विटांना झोपेतून उठवायला आला होता. रंगारी गच्चीवरून दोरीचा झुला सोडून समोरच्या भिंतीला चुना देत होता. त्या नऊ दिवसांत मास्तरणीच्या मुलीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय बोलली तर, "माझी सायकल कुठेय?" आजीचे यजमान नळ्यांमधून मोकळे होऊन साध्या वॉर्डात आले. उजवा हात उचलत नव्हता, पण आजीनं भरवलेलं गिळत होते, आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतही होते. ड्रायव्हरचा भाऊ मात्र सातव्या दिवशी गेला. तो त्याला घेऊन गावी निघून गेला. जाताना फ्यूजकाकाला भेटला, हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. फळी तेव्हा कोपऱ्यात नुसतीच उभी करून ठेवलेली होती.

दहाव्या दिवशी सकाळी फ्यूजकाका काच पुसायला वर गेला. आत पाऊल टाकलं आणि फडकं हातातच राहिलं. खोलीत एकही दिवा लावलेला नव्हता. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन निथळून आत आलं होतं. ते कुठून येतंय हे पाहायला गेलं तर नेमकं सापडत नव्हतं. डोळ्यांना टोचत नव्हतं, सावल्याही पाडत नव्हतं. सतरंजीचा रंग निळा आहे हे त्याला आज कळलं. वरून एखादा ढग सरकला की खोली क्षणभर मिटल्यासारखी व्हायची आणि पुन्हा उघडायची.

आजी मागून आली. दारातच थांबली. मग भिंतीच्या कडेला जाऊन बसली आणि पदर सावरून तिनं हात जोडले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ये, बस की. घरमालकासारखा उभा काय राहिलास?"

"मी कामावर आहे, आजी."

"मग हेच काम. बस."

तो बसला. गुडघे कुरकुरले. त्यानं फडकं मांडीवर पसरलं, आणि मग आपण बोलायला लागलोय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं.

"आमची ही बारा नंबरला होती," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. दुखणं हाताबाहेर गेलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उशाशी बसून होतो. दुपारी एकाएकी वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू होतो, पण त्या दिवशी अडला. मला खाली पळावं लागलं. किती जणांच्या नळ्या विजेवर! बॅटऱ्या थोडाच वेळ टिकतात. अकरा मिनिटं लागली हातानं सुरू करायला. परत वर आलो तर…" त्यानं फडक्याची घडी घातली, मोडली. "सगळ्यांचे दिवे लावत होतो मी, आजी. आणि माझं माणूस गेलं तेव्हा मी तळघरात."

"कुणी होतं तिच्याजवळ?"

"सिस्टर होती. तिनं सांगितलं मला. दिवे आले तेव्हा हिनं डोळे उघडून वर पाहिलं, म्हणाली, 'आले दिवे. आता येतीलच ते.' आणि मी वेळेवर पोचलो नाही. वाट बघतच गेली ती."

हे त्यानं बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

 खिडकीबाहेर एक पारवा त्या अरुंद जागेतून फडफडत वर गेला.

"मी काय ऐकलं ते सांगू?" आजी म्हणाली. "तू म्हणतोस, ती वाट बघत गेली. मी ऐकलं, ती म्हणाली, 'आले दिवे.' दिवे कुणी लावले हे तिला ठाऊक होतं की नाही?"

"होतं की. दुसरं कोण लावणार?"

"मग झालं तर. तुझी वर्दी तिला पोचली होती. मी महिनाभर तेल जाळतेय, मला असं एकदा जरी कळलं असतं ना, की माझा दिवा आतून यांना दिसला, तर मी डोक्यावर पदर घेऊन नाचले असते."

फ्यूजकाकानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. आजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही. मधे मास्तरीण आली, दोघांना पाहून पाऊल न वाजवता दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या हातात न पेटवलेली मेणबत्ती होती. ती तशीच तिनं पुढ्यात उभी केली.

ती खोली पुढे कशी चालली हे सांगायचं तर फार सुरळीत चालली असं नाही. मास्तरणीनं शेवटपर्यंत ऐकवलं की पेटलेल्या मेणबत्तीची सर कशालाच नाही, आणि मुलगी घरी गेल्यावर तिनं म्हणे अंगणात एकवीस लावल्या. पावसाळी दिवसांत खोली काळवंडायची, तेव्हा पिवळे दिवे मंद करून लावावे लागायचे आणि कुणाला किती मंद हवं यावरून कुरबुरी व्हायच्या. एक गृहस्थ मोठ्यानं भजन म्हणायला लागले, त्यांना मेट्रनबाईंनी समजावलं. ब्रदर दुपारची ड्यूटी संपली की भिंतीला पाठ टेकून बसत. एकदा त्यांना आतला उजेड लागण्याआधी झोपच लागली आणि त्यांच्या घोरण्यानं बाकीच्यांची समाधी मोडली. तीन महिन्यांनी ड्रायव्हर परत आला. ट्रक फाटकाशी उभा करून वर आला, आता भिंतीला लागलेल्या फळीवर एक पोथी ठेवली, "इथे कुणाला लागली तर," म्हणाला, आणि चहाही न घेता पुढच्या फेरीला निघून गेला.

फ्यूजकाका रोज सकाळी नऊला काच पुसायला येऊ लागला. काच तशी रोज पुसण्याइतकी मळत नव्हती. पुसून झाली की तो दहा मिनिटं बसायचा. प्रार्थना अशी काही करत नसे. बारा नंबरच्या दिशेला तोंड करून बसायचा आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी मनातल्या मनात बायकोला सांगायचा. ताईचा दात पडला, वरच्या टाकीला गळती लागली, असल्या. रविवारी बहिणीलाही घेऊन आला एकदा. तिनं चारी भिंती निरखून पाहिल्या आणि खिडकीला हात लावून म्हणाली, "हे तुझं काम?"

"गवंड्याचं," तो म्हणाला. पण तिनं पाठीवर जी थाप मारली ती त्यानं घेतली.

एका सकाळी तो असाच बसला होता. दारात एक तरुण माणूस येऊन घुटमळायला लागला. शर्टची बटणं खालीवर लागलेली, डोळे जागून लाल झालेले. खाली बाळंतपणाच्या वॉर्डात त्याच्या बायकोला पहाटेच आत नेलं होतं. त्यानं पाटी वाचली, आत डोकावला, पुन्हा पाटी वाचली.

"इथे चपला काढायच्या असतात का?" त्यानं हळूच विचारलं. "डोक्यावर काही घ्यावं लागतं का? मला यातलं काहीच माहीत नाही."

"मलाही नाही," फ्यूजकाका म्हणाला. तो जरा बाजूला सरकला आणि शेजारची सतरंजी हातानं सारखी केली. "या, बसा."